एकोणिसावी शिंपली

वेळ, संध्याकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं. तिथी, फाल्गुन अमावास्या. जागा, सोडणबेट, आपल्या मोरवणे बंदरापासून वल्ह्याच्या होडीने पाऊण तास. ओहोटी संपलेली, भरती चढायला लागलेली. होडी एक, ती चालवणारा तांडेल एक, कालवं काढायला गेलेल्या बाया एकोणीस.

पस्तीस वर्षं झाली. ऐका. आणि तो मोबाइल आधी खिशात घाल रे नामदेवा, तुझी रील कुठे पळून जात नाही.

उद्या तुम्ही चौघं नव्या बोटीतून पहिले पाहुणे घेऊन सोडणबेटावर जाणार. बोर्ड मी वाचला, 'बकऱ्यांचं बेट, सूर्यास्त सफर'. सूर्यास्तच बरा सापडला तुम्हाला! मी विचारलं, माणसं परत आणताना मोजणार कशी? हा अरविंद म्हणतो, "काका, लाइफ जॅकेट मोजणार. वीस गेली, वीस आली, झालं." ते ऐकलं आणि ताट तसंच सोडून उठलो. म्हणून आलो या जेटीवर. ही गोष्ट मी पेपरात लिहिली तेव्हा चार ओळींत छापली. चार! त्याच पानावर आंब्याच्या पेटीच्या भावाला दोन कॉलम होते. तेव्हा आज तोंडाने सांगतो. भूत आहे की नाही यावर वाद घालू नका. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकलेला माणूस आहे, तुमच्याआधी मीच वाद घालून बसलोय.

बेटाला सोडणबेट का म्हणतात, ठाऊक आहे ना? घरात दुखणं आलं, उतरेना, की नवस बोलायचा. बकरं घ्यायचं, त्याचा डावा कान कातरायचा, बेटावर सोडायचं. सोडलेलं जनावर कोणी खायचं नाही, परत आणायचं नाही. पिढ्यान् पिढ्या सोडत आले लोक. बकऱ्या, कोंबड्या, एकदा कोणी रेडकू सोडलं. त्यांची तिथे वीण झाली. झाडपाला कमी, म्हणून बकऱ्या समुद्राचं शेवाळ खायला लागल्या. खडकावरचं मीठ चाटतात. मेलेला मासा खातात. हो, मासा! बकरी मासा खाताना पाहिली आहे कधी? मी पाहिली आहे. आणि एक गोष्ट, त्या ओरडत नाहीत. एकही नाही. कोंबडा मान ताणतो, चोच उघडतो, आवाज नाही.

आता रीत ऐका, कारण सगळा घात रीतीने केला.

त्या बेटावर कोणी कोणाचं नाव घ्यायचं नाही. घेतलेलं नाव बेट ठेवून घेतं, असं म्हणत. मग परतताना माणसं मोजायची कशी? तर प्रत्येक बाईने होडीत चढताना कालवाची एक शिंपली तांडेलाच्या डब्यात टाकायची. पत्र्याचा डबा. टक. आणि तांडेलाने बेटाकडे पाठ करून बसायचं, मागे बघायचं नाही. नुसतं कानाने मोजायचं. टक, एक. टक, दोन. एकोणीस गेल्या तर एकोणीस टक. पुरे झाले की वल्हं मारायचं.

म्हणजे बघा. नाव घ्यायचं नाही. तोंड बघायचं नाही. मोजायचं काय, तर शिंपल्या! आणि आजवर चुकलं नाही म्हणे. चुकलं नाही हे कळलं कसं? हा प्रश्न शंभर वर्षांत एकाला पडला नाही.

त्या दिवशी भिकू सारंग तांडेल होता. सचोटीचा माणूस. बायांमध्ये शालन होती, बाबल टिकमाची मुलगी, सतरा वर्षांची. पाच वर्षं कालवं काढत होती. बोलकी इतकी की बाया म्हणायच्या, "गो, जरा श्वास घे, कालवांपण कंटाळली!" ओहोटीला खडक उघडे पडतात, बाया कोयत्या घेऊन पसरतात. वाकून टोचायचं, फोडायचं, आतला गर काढायचा. कालवाची कड पात्यासारखी असते. कितीही सांभाळा, हाताला चिरा पडतातच. कालवं काढून आलेली बाई हातावरून ओळखावी. हे ध्यानात ठेवा. पुढे यावर एक जीव टांगलेला आहे.

शालनच्या अंगठ्याला खोल लागलं. बेटाच्या वरच्या अंगाला एका कपारीत गोडं पाणी झिरपतं, तिथे ती धुवायला गेली. पदराची चिंधी बांधली. किती वेळ लागला असेल? दहा मिनिटं. डब्यात टाकायची शिंपली तिने आधीच निवडून कमरेला खोचली होती. खाली बघते तर बाया चढताहेत. धावली. टोपली कमरेवर आणि धावली! नाव घेऊन हाक मारायची नाही, पण "थांबा" तर म्हणता येतं. म्हणाली. "थांबा गो! थांबा!" वारा समोरून. आवाज मागे गेला. उतरायच्या खडकावर पोचली तेव्हा होडी पन्नास हात लांब. अंधार पडत होता. तरी तिला दिसलं.

होडीच्या मागच्या टोकाला, तिच्या जागेवर, डोक्यावरून पदर घेऊन कोणीतरी बसलं होतं.

भिकूने एकोणीस मोजले होते. पुढे मी त्याला दहा वेळा विचारलं, उलटसुलट विचारलं. तो एकच सांगायचा, "एकोणीस म्हंजे एकोणीस. कान उघडे ठेवून मोजलंय." खोटं बोलत नव्हता. एकोणीस वेळा टक झालंच होतं!

शालन रात्रभर खडकावर बसली. तिला वाटलं, बंदरावर उतरल्यावर कळेल. आई विचारेल. आत्ता येतील, पहाटे येतील. कोणी आलं नाही. का येतील? कोणी हरवलंच नव्हतं. बंदरावर एकोणीस बाया उतरल्या, एकोणीस आपापल्या घरी गेल्या. टिकमाच्या घरीसुद्धा एक गेली.

काय रे अरविंदा, जवळ का सरकलास? बस, बस. थंडी आहे.

दुसरा दिवस. मुलगी शहाणी होती, रडत बसली नाही. कपारीतलं पाणी होतं. कालवं कच्ची खाल्ली. कोंबड्या खडकाच्या भेगांत अंडी घालतात, ती शोधली. झोपायला वरच्या अंगाला एक गुहा होती, तोंडाशी ठेंगणी, आत लांब. कोयती उशाला. ओढणीएवढी पदराची पट्टी फाडून उंच खडकावर दगडाखाली लावली, कोणा बोटवाल्याला दिसावी म्हणून. संध्याकाळी बघते तर पट्टी नाही. बकरी चावत उभी होती. सावकाश. तिच्याकडे बघत.

दिवेलागणीला, बरोब्बर काल होडी सुटली त्या वेळेला, खालून आवाज आला.

टक.

तिला वाटलं, होडी आली! धावली खाली. टक. टक. डब्याचाच आवाज! खडकावर पोचते तर होडी नाही. बकऱ्या ओळीने उभ्या. एकामागे एक, बाया होडीत चढायला उभ्या राहतात तशा. पुढची खडकाच्या कडेला यायची, मान खाली घालायची, टक, बाजूला व्हायची. मग दुसरी. डबा नाही. पत्रा नाही. खाली नुसतं पाणी. पण आवाज पत्र्याचा!

तिने मोजलं. कालवं काढणारी मुलगी, मोजणारच ती. अठरा झाले आणि थांबलं. सगळ्या बकऱ्यांनी माना वळवल्या आणि तिच्याकडे बघितलं.

अठरा. एकोणिसावीसाठी थांबल्या होत्या.

तिचा हात कमरेला गेला. तिची शिंपली तिथेच होती. तिने टाकलीच नव्हती ना! ती मागे मागे सरकत गुहेत गेली.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तीच वेळ. खडकावर नाही, अर्ध्या वाटेवर. चौथ्या दिवशी गोड्या पाण्याशी. पाणी प्यायला गेली तर जनावरं कडं करून उभी. पिऊ दिलं तिला, हो. अडवलं नाही. बघत राहिली. तिने मान वर केली आणि टक. एक.

त्या दिवशी तिने ओळ नीट पाहिली. सगळ्यांचे डावे कान कातरलेले. ज्यांची तिथेच वीण झाली त्यांचेसुद्धा! जन्मतःच कातरलेले. फक्त ओळीत शेवटच्या जनावराचा कान धड होता. ते बाकीच्यांच्या मागे मागे असायचं. आणि चालताना त्याचे मागचे पाय... बकरीचे मागचे पाय कसे वाकतात, पाहिलेत ना? याचे उलटे वाकत होते. माणसाच्या गुडघ्यासारखे.

पाचव्या दिवशी तिने एकटीनेच बोलून बघितलं. धीर यावा म्हणून ती रोज स्वतःशी बोलायची, "आज बोट येईल बाय, आज येईल." त्या दिवशी तोंड उघडलं आणि आवाज नाही. घसा दुखत नव्हता. आवाजच नव्हता. कोंबडा मान ताणतो ना, तशी तिने मान ताणली. समोर कोंबडा उभा होता. दोघं एकमेकांकडे बघत होती.

मला हे सांगताना ती हसली होती. मी नाही हसलो.

सहाव्या दिवशी कालवांच्या खडकावर पाय घसरला. पायांचे दोन्ही तळवे फाटले. त्यानंतर तिला उभं राहता येईना. गुडघ्यांवर, हातांवर सरपटत पाण्याला जायची. जाताना बकऱ्या मागे ओळीने. एकदा तिने वळून बघितलं, तर मागे कोणीच नव्हतं. पुढे बघितलं, तर सगळी ओळ पुढे होती, ते जनावरसुद्धा. म्हणजे ओळीत शेवटची कोण?

ती स्वतः.

त्याच रात्री गुहेत आत आत सरकताना तिच्या हाताला काही लागलं. दुसरी कोयती. गंजलेली, लाकडी मूठ. तिने ती उशाला घेतली. दोन झाल्या. त्याच्या पलीकडे ती गेली नाही. नशीब!

सातव्या दिवशी आवाज यायला लागले. अठराच्या अठरा बायांचे. कोणी म्हणे, "गो बाय, उशीर झालो." भिकूचा आवाज, "बस गो, होडी सुटली." नाव मात्र कोणी घेईना. नाव त्यांना मिळालंच नव्हतं. आणि आठव्या दिवशी, ऐका, आठव्या दिवशी ते गुहेच्या तोंडाशी आलं. टक. टक. टक. तिच्यापासून दोन हातांवर जमिनीवर शिंपल्या पडत होत्या. सरळ रेघेत, कोणी मांडाव्या तशा. अठरा पडल्या. शेवटी एक जागा मोकळी ठेवली.

मग तिच्या आईचा आवाज आला. हुबेहूब. दम लागलेला, काठावरून चढून आल्यासारखा.

"टाक गो बाय शिंपली. घराक जाऊया."

आईचा आवाज! आठ दिवस अर्धपोटी, पाय फाटलेले, तोंडात शब्द नाही. तुम्ही काय केलं असतंत? मी टाकली असती. खरं सांगतो, टाकली असती आणि मोकळा झालो असतो. तिने शिंपली कमरेची काढली, मुठीत धरली आणि मूठ आवळली. इतकी आवळली की कड तळहातात रुतली, रक्त आलं. उजाडेपर्यंत मूठ सोडली नाही. बाहेरून रात्रभर तेच. "टाक गो बाय. टाक गो. टाक."

आता इकडे गावात काय चाललं होतं?

टिकमाच्या घरी जी गेली ती बोलेना. कोपऱ्यात पडून राहिली, भिंतीकडे तोंड. पेज पुढे केली तर नको. सुके बोंबील कच्चेच खाल्ले. मिठाच्या मडक्यात हात घालून चाटत बसे. लोक म्हणाले, बाधा झाली, बेटाचं वारं लागलं. शालनची आई द्रौपदी, ती मात्र एकदा नवऱ्याला म्हणाली, "अहो, कालवां काढून इला ता, आणि हाताक एक खाप नाय?" बाबल तिच्यावर खेकसला. "चेडू मरणाक टेकला आणि तू हात बघतंस?"

मग बाधेवर उपाय काय? नवस. नवव्या दिवशी सकाळी बाबल टिकमाने बकरा घेतला, कान कातरला आणि भिकू तांडेलाला घेऊन सोडणबेटाकडे निघाला. मुलीला बरं वाटावं म्हणून!

कळतंय का? त्या पोरीला शोधायला कोणी गेलं नाही. पोलीस नाही, बंदरखातं नाही, तिच्यासोबतच्या अठरा बायांतली एक नाही. तिचा बाप गेला तोही घरातल्या त्या दुसरीसाठी गेला.

होडी खडकाजवळ आली. बकऱ्या ओळीने खाली उतरत होत्या. आणि ओळीच्या शेवटी, हातापायांवर सरपटत, मिठाने ताठ झालेले केस, लक्तरं झालेलं लुगडं. बाबलने तोंड ओळखलं. हातातला दोर सुटला.

भिकूने पाठ फिरवली. "बाबल, बघू नको. ता आपला चेडू न्हय."

"अरे, माझा शालन..."

"नाव घेव नको! तुझा चेडू घराकडे असा. सकाळी तूच बघून इलंस मां? ह्या त्याचा रूप घेऊन इला. बकरो सोड आणि चल."

काय चुकलं भिकूचं? काही नाही. बाबलने स्वतःच्या डोळ्यांनी मुलगी घरी पाहिली होती. त्याने बकरा पाण्यात ढकलला. बकरा पोहत गेला आणि ओळीत जाऊन उभा राहिला. ओरडत गेला होता, खडकावर पाय टेकला आणि गप्प झाला. बाबलने होडी वळवली.

शालनने बघितलं, बाप वळला. तिला हाक मारता येत नव्हती. "बाबा" म्हणायला तोंड उघडलं, नुसता वारा. वीस हात गेली होडी. तीस हात. तिने काय करावं? दोन्ही हात वर केले. तळहात समोर. बस्स. एवढंच.

बाबलने शेवटचं वळून बघितलं तर लाल हात. चिराच चिरा. नव्या, जुन्या, पू झालेल्या. आणि त्याला बायकोचं बोलणं आठवलं. कालवं काढून आली आणि हाताला एक खाप, एक चीर नाही?

तो ओरडला, "भिकू, हात बघ तेचे!"

"माका बघूचा नाय!"

बाबलने उडी टाकली. छातीएवढं पाणी. खडकावर चढला. बकऱ्या हलल्या नाहीत. त्याने तिची मूठ धरली. उघडेना. बोटं एकेक करून सोडवली. आत शिंपली. तळहातात रुतलेली. तो तांडेलाच्या होडीत वाढलेला माणूस, त्याला सांगावं लागलं नाही. हिने आपली शिंपली टाकलीच नव्हती. मग त्या दिवशी डब्यात एकोणिसावी कोणी टाकली?

उचललं तिला. पाण्यात शिरला. मागून, ऐका, मागून त्याच्या बायकोचा आवाज. "अहो, ता न्हय! माझा चेडू घराकडे रडता, ता टाकून ह्या खय आणताव?" वळला नाही. भिकू बेटाकडे पाठ करून बसलेला, मोजतोय. बाबलची शिंपली, टक.  शालनने आपली टाकली, टक. दोन. लगेच भिकूने डब्यावर हात दाबला.

आणि त्याच्या हाताच्या पाठीवर काहीतरी पडलं. टक.

हात काढला नाही. टक. टक. टक. होडी खडक सोडून खोल पाण्यात जाईपर्यंत पडत राहिलं. एका हाताने डबा, एका हाताने वल्हं. भिकूच्या उजव्या हातावरचे काळे डाग तुम्ही लहानपणी पाहिलेत. काय सांगायचा तो तुम्हाला, भाजलं म्हणून? नव्हतं भाजलं.

घरी काय झालं तेही ऐका. बाबलची होडी सुटल्यावर ती कोपऱ्यातली प्रथमच उठून बसली. द्रौपदी चुलीशी होती. मागून शालनच्या आवाजात, नऊ दिवसांत पहिल्यांदा, प्रश्न आला.

"कितीजाणा गेली?"

आई आनंदाने रडायला लागली. बोलली मुलगी! म्हणाली, "दोघां गेली गो बाय, येतीत आता."

"मोजून येतीत?"

द्रौपदी वळली. चटई ओली होती. कोपऱ्यात कोणी नव्हतं. दाराला आतून कडी होती.

शालनचा आवाज महिन्याने परत आला. तेव्हा मी तीन संध्याकाळी बसून तिच्याकडून हे सगळं घेतलं. पोलीस ठाण्यात गेलो. हवालदार म्हणाला, "साहेब, हरवल्याची तक्रार नाही. मग सापडली कशी?" मी म्हटलं, तेच तर विचारतोय! तो म्हणाला, "तुम्ही पेपरवाले." मी टेबलावर हात आपटून आलो. काही झालं नाही, हात दुखला.

मग ती दुसरी कोयती. तुमच्या घराघरांच्या कोयत्यांच्या मुठीवर खूण असते, पूर्वीपासून. या मुठीवर दोन आडव्या रेघा आणि मध्ये भोक. शालनला ती आठवत होती, पण कोणाची ते माहीत नव्हतं. मला भिकूने सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे बघितलं नाही.

मी बेटावर गेलो. भर दुपारी, टॉर्च घेऊन. भिकू होडीत बसला, खाली उतरला नाही. गुहेच्या तोंडाशी अठरा शिंपल्यांची रेघ, एक जागा मोकळी. पोरगी खरं बोलली होती. मी आत गेलो, ती जिथे थांबली त्याच्या पलीकडे. तिथेही शिंपल्यांची रेघ होती, जुनी, पांढरी पडलेली. पण तिच्यात जागा मोकळी नव्हती. पुरी होती. आणि रेघेपाशी हाडं. माणसाची. लहानखुऱ्या बाईची. मनगटात हिरव्या काचेच्या बांगड्या.

पंचनामा करा म्हणून मी सात अर्ज दिले. सातव्याला उत्तर आलं, "सदर हाडे जनावराची असावीत." कोणी गेलं नव्हतं बघायला. जनावर बांगड्या भरतं का हो?

दोन आडव्या रेघा आणि मध्ये भोक, ही खूण मालंडकरांची. हो वसंता, तुमची. तुमच्या घरातून बेटावर कालवांना कोण गेलं होतं? शालनच्या आधी चोवीस वर्षं, तुझी आते येसू. सोळा वर्षांची होती. गेली तेव्हा चांगली गाणी म्हणायची, आली ती मुकी आली. तुझ्या आजोबांनी बकरा सोडायला बाराव्या दिवशी होडी काढली. बारावा दिवस! खडकावर कोणी दिसलं नाही, बकरा सोडला आणि आले.

मुकी येसू तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. वाळूवर बसून मासळी सुकवायची. तिने सुकवलेले बांगडे तुम्ही खाल्लेत. मीही खाल्लेत. तिच्या हातावर कधी चीर पाहिलीत?

मी बेटावरून आलो त्या संध्याकाळी ती वाळूत बसली होती. मी गुहेतून आणलेली ती गंजलेली कोयती तिच्यापुढे ठेवली. म्हटलं, "येसूबाई, ही कोणाची?" तिने कोयतीकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघून हसली. वाळूतली एक शिंपली उचलली आणि कोयतीच्या पात्यावर टाकली.

टक.

मी तर्कशास्त्र शिकलेला माणूस. चप्पल तिथेच टाकून पळालो.

तेव्हा उद्या जाऊ नका. पाहुण्यांचे पैसे परत द्या, बोर्ड काढा. आणि कुठल्याही बेटावर कधीही गेलात तर जॅकेटं मोजू नका, डबे मोजू नका. एकेकाच्या तोंडावर बॅटरी मारा, एकेकाचं नाव घ्या आणि उत्तर आल्याशिवाय दोर सोडू नका. सोडणबेटावर मात्र तेही करू नका. नाव तिथे घ्यायचं नसतं. म्हणजे तिथे माणूस मोजायची सोयच नाही. मग तिथे जायचंच नाही.

आता एकच. येसू गेल्या पौषात वारली, पंच्याहत्तरीची. तुम्ही खांदे दिलेत, रीतसर जाळलीत. तिसऱ्या दिवशी राख सावडायला दोघं गेले, वसंता तू आणि तुझा चुलतभाऊ. मी समोरच्या कट्ट्यावर बसून होतो. तुम्ही बराच वेळ राखेत हात घालून शोधत होतात. मग एकमेकांकडे बघितलंत. मग खाली किनाऱ्यावर गेलात आणि ओंजळीने काहीतरी भरून आणलंत. मडक्याला फडकं बांधलंत ते गाठीवर गाठ मारून. अस्थींचं मडकं पाण्यात सोडताना खळखळ वाजत होतं.

येसूची हाडं अजून त्या गुहेत आहेत, बांगड्यांसकट. मी भरलेलं मडकं पाहिलं, आतलं पाहिलं नाही. गेल्या पौषापासून विचारतोय, वसंता. आजही विचारतो, या सगळ्यांसमोर.

राखेत एक तरी हाड होतं का?